सुनेच्या नावावरची टाच

टाच दुखणं हा आजारच नव्हे, असं अक्कांनी विहीणबाईंना तोंडावर सांगून सव्वा वर्ष झालं होतं. एवढंच बोलून थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण एका वाक्यावर थांबायचं अक्कांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि शाळेत त्या तिसरीपर्यंतच गेल्या होत्या. विहीणबाई बिचाऱ्या लेकीला भेटायला आलेल्या. चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "पोरीची टाच फार दुखते हो. दिवसभर दुकानात उभी असते. संध्याकाळी घरात जरा टेकू देत जा तिला."

"टाच?" अक्का म्हणाल्या. "डोकं दुखतं, दात दुखतात, पोट दुखतं. टाचेत दुखण्यासारखं आहे काय? माझी साठी उलटली, मला टाच कुठे असते ते आठवावं लागतं. ज्या दिवशी माझी दुखेल ना विहीणबाई, त्या दिवशी चारचौघांत सांगेन, माझं चुकलं म्हणून."

माझं चुकलं, हे शब्द चाळीस वर्षांच्या संसारात अक्कांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. दूध उतू गेलं तर पातेलं लहान असायचं. बस चुकली तर ती वेळेआधी सुटलेली असायची. एकदा त्या भलत्याच माणसाच्या अंत्ययात्रेला जाऊन पोटभर रडून आल्या, तेव्हासुद्धा मेलेल्याच्या घरच्यांनी पत्ता नीट सांगितला नव्हता. अशा बाईनं स्वतःहून, साक्षीदार ठेवून, चूक कबूल करायची भाषा केली म्हणजे टाच दुखणं किती अशक्य असेल ते घरादाराला समजलं.

सुनेनं त्या दिवसापासून टाचेचं नाव काढलं नाही. कापडाच्या मोठ्या दुकानात ती काउंटरमागे उभी राही. सकाळी नऊला निघे, संध्याकाळी सातला सुटे, आणि घरी आल्यावर ओट्यापाशी उभी राही. तिचा नवरा, म्हणजे अक्कांचा मुलगा, फिरतीच्या नोकरीवर. महिन्यातून चार दिवस घरी, आणि त्या चारांतले दोन झोपेत. राहता राहिले अक्कांचे यजमान. त्यांना सगळी इमारत मीटरवाले म्हणे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी जन्मभर घरोघरचे मीटर वाचले. आकडा दिसेल तो लिहायचा, का वाढला ते विचारायचं नाही, ही त्यांची नोकरी. संसारही त्यांनी त्याच पद्धतीनं केला.

आता धावण्याचं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहायला आल्या. अक्कांपेक्षा सहा महिन्यांनी मोठ्या, हे अक्कांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. या नर्सबाई रोज सकाळी पांढरे बूट घालून मागच्या मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या. चालत नाही, धावत. अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजायच्या. आठवडाभर मोजून त्यांना असं वाटायला लागलं की ही बाई मैदानाला नाही, आपल्यालाच फेऱ्या मारते आहे.

"तिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?" त्यांनी मीटरवाल्यांना विचारलं.

"बूट," मीटरवाले म्हणाले.

बूट माळ्यावर होते. मीटरवाल्यांनी नोकरीची शेवटची चार वर्षं ज्या कॅनव्हासच्या बुटांत गल्ल्या तुडवल्या, ते त्यांनी निवृत्तीच्या दिवशी खोक्यात घालून ठेवले होते. तळ इतके झिजलेले की बूट घालून नाण्यावर उभं राहिलं असतं तर छापा की काटा ते पायाला कळलं असतं. अक्कांनी ते घातले, पुढे थोडा कापूस कोंबला आणि मैदानात उतरल्या.

नर्सबाई चांगल्या मनाच्या. म्हणाल्या, "अक्का, पहिले दोन आठवडे एक फेरी धावा, दोन चाला. हळूहळू वाढवा."

यात खरं तर काही वाकडं नव्हतं. पण सल्ला देताना नर्सबाईंनी अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिथे घोटाळा झाला. अक्कांच्या खांद्यावर अक्कांच्या आईनंतर कुणी हात ठेवला नव्हता. त्या दिवशी नर्सबाईंनी दहा फेऱ्या मारल्या. अक्कांनी अकरा मारल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत त्यांना मैदान दिसत नव्हतं, हा भाग वेगळा. दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी अकरा. इमारतीत बोलबाला झाला. शेजारच्या शिंपीदादांनी जिन्यात वाट सोडली. अक्का एकोणीस दिवस अशा हवेत होत्या.

विसाव्या दिवशी सकाळी त्यांनी पलंगावरून पाय जमिनीवर ठेवला, आणि कुणीतरी खालून टाचेत खिळा ठोकला.

अक्का परत पलंगावर बसल्या. खाली वाकून बघितलं. खिळा नव्हता. पुन्हा पाय टेकला, पुन्हा ठोकला. पहिला विचार त्यांच्या मनात आला तो औषधाचा नाही, विहीणबाईंचा. त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी बघत नाही ना याची खात्री केली, आणि भिंतीचा आधार घेऊन मोरीकडे निघाल्या. दहाबारा पावलांनंतर खिळा जरा बोथट झाला. चहा होईपर्यंत जवळजवळ गेला. अक्कांनी ठरवलं की रात्री पाय अवघडला असेल. मैदानावर गेल्या, अकरा फेऱ्या मारल्या. न जाऊन कसं चालेल, नर्सबाई विचारतील ना.

दुसऱ्या दिवशी खिळा होताच. मागच्यापेक्षा जाड.

मग रोजचा तो उद्योग सुरू झाला. भिंतीला धरून चालायचं तर भिंतीला धरायला कारण पाहिजे. अक्कांनी तळहात भिंतीवरून फिरवत, मधूनमधून बोटं बघत, "केवढी ही धूळ" असं पुटपुटत मोरी गाठायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सुनेनं दुकानात जायच्या आधी उठून ती भिंत वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्यानं पुसून ठेवली. आता धूळ म्हणायची सोय उरली नाही. मग अक्का वाटेत कॅलेंडरपाशी थांबायला लागल्या.

"काय आहे त्यात?" मीटरवाल्यांनी एकदा विचारलं.

"तारीख."

"कालच्या पुढचीच असेल," म्हणून मीटरवाल्यांनी पेपर उघडला.

पंधरा दिवस झाले, खिळा हलेना. कुणाला तरी विचारायलाच हवं होतं. पण स्वतःच्या टाचेबद्दल विचारायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत विहीणबाईंना फोन. अक्कांनी विचार केला, आणि त्यांच्या मते फारच शहाणपणाचा तोडगा काढला. जिन्यात शिंपीदादा भेटले, तेव्हा त्यांना म्हणाल्या, "आमच्या सुनेची टाच दुखते हो. काही उपाय आहे का?"

उपाय नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. शिंपीदादांनी जाड गादीचा तुकडा कापून दिला, चपलेत घालायला. चौकीदार म्हणाला, वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि तिच्यावर टाच ठेवायची, त्याच्या चुलत्याचा पाय तसाच बरा झाला होता, पुढे चुलता वारला पण पायानं नाही. नर्सबाई म्हणाल्या, गरम अजिबात नको, बाटलीत पाणी भरून बर्फ करा आणि तळव्याखाली फिरवा. तळमजल्यावर एक निवृत्त बँकवाले होते, ते मोबाईलवर बघून म्हणाले की टाचेचं हाड वाढत असतं, वाढत वाढत ते कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. अक्कांनी तो विचार दोन रात्री डोक्यात ठेवला, नंतर बँकवाल्यांशी बोलणं टाकलं.

बाकीचं सगळं त्यांनी केलं. दुपारी सून दुकानात आणि मीटरवाले झोपेत असले की अर्धा तास वीट, अर्धा तास बर्फ. टाचेला उन्हाळा की हिवाळा तेच कळेना. त्यात एकदा बाटली फ्रीजमध्ये तशीच राहिली आणि सुनेनं बाहेर काढली.

"आई, ही दगडासारखी बाटली कशाला?"

"पाहुणे आले तर."

"पाहुणे हे पिणार कसं?"

"चावून पितील. ठेव जागेवर."

हे एवढ्यावर निभावलं, पण जिन्यात पेरलेलं आता उगवायला लागलं. शिंपीदादा सुनेला थांबवून विचारू लागले, "कशी आहे टाच?" चौकीदारानं विटेचं विचारलं. नर्सबाई मलमाची नळी घेऊन खाली आल्या आणि सुनेच्या हातात देऊन म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई किती काळजीत आहेत ग. चारचौघांत तोंडानं कडक, पण दारोदार विचारत हिंडतायत तुझ्यासाठी. अशी सासू मिळायला नशीब लागतं."

सून त्या दिवशी घरात आली, पर्स खुंटीला अडकवली, आणि ओट्यापाशी न जाता अक्कांसमोर उभी राहिली. "आई, तुम्ही माझ्या टाचेबद्दल सगळ्यांना विचारलंत म्हणे."

"विचारलं. मग?"

"काही नाही. मला वाटलं, तुम्ही विसरून गेलात."

ती वळली आणि आत जाऊन तिनं अक्कांसाठी चहा टाकला, स्वतःसाठी नाही. अक्कांना तो चहा घशाखाली उतरेना. मानाची त्यांना सवय होती, पण मान कसा, भांडून मिळवलेला असावा. हा फुकटचा होता, आणि वर दुसऱ्याच्या नावावरून आलेला. त्या रात्री त्यांना पहिल्यांदा असं वाटलं की झालं ते बरं झालं नाही. मात्र चूक कुणाची यावर विचार करताना त्यांना झोप लागली.

शेवटी त्या दवाखान्यात गेल्या. हा दवाखाना नोकरदारांच्या योजनेतला. सुनेच्या दुकानानं तिला कार्ड दिलं होतं, त्यावर घरातल्या सगळ्यांना तपासणी होती. अक्कांनी कपाटातून कार्ड काढलं आणि भरदुपारी, तोंडावर पदर घेऊन, रिक्षानं जाऊन आल्या. पदराचं सांगायला नको होतं, पण घेतला होता.

पहिल्या खिडकीतल्या कारकुनानं कार्ड बघितलं. "पेशंट कोण?"

"मी."

त्यानं कार्ड उलटं केलं, मागच्या यादीवरून बोट फिरवलं. "म्हणजे तुम्ही अवलंबित."

"काय?"

"अवलंबित. सुनेवर अवलंबून असलेली सासू. तसं लिहावं लागतं."

अक्कांनी खिडकीच्या गजांना धरलं. "मी कुणावर अवलंबून नाही. चाळीस वर्षं घर चालवतेय. माझ्यावर माणसं अवलंबून आहेत, त्यातली एक तुम्ही म्हणताय ती सून."

"बाई, नियम आहे. कार्ड जिचं ती मुख्य, बाकी सगळे अवलंबित. तसं नको असेल तर मुख्य सभासदाचं नाव सांगा, मी काय लिहिणार."

मागे रांग होती. कुणीतरी खोकलं. अक्कांपुढे दोन वाटा होत्या: सरकारी कागदावर सुनेच्या आश्रयाला आलेली बाई म्हणून जायचं, नाहीतर स्वतःच सून व्हायचं. त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाल्या, "कार्ड जिचं, तिचंच लिहा."

कारकुनानं वर न बघता लिहिलं.

आतल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र वर बघितलं. केस पेपर बघितला, अक्कांकडे बघितलं, पुन्हा केस पेपर. "वय चौतीस?"

"कष्टाचं शरीर आहे," अक्का म्हणाल्या.

बाहेर चाळीस माणसं बसलेली. डॉक्टरीणबाईंनी पुढे काही विचारलं नाही, अंगठ्यानं टाच दाबली. अक्का खुर्चीतून दोन बोटं वर उचलल्या गेल्या.

"तळव्याखालचा पट्टा सुजलाय. फार झालंय. काम काय करता?"

आता टाच सुनेच्या नावावर, म्हणजे कामही सुनेचंच सांगायला हवं. "कापडाच्या दुकानात. काउंटरवर."

"उभं राहून? किती तास?"

अक्का मनात मोजायला लागल्या. त्यांनी हे कधी मोजलं नव्हतं. "दहा," त्या म्हणाल्या, आणि आकडा ऐकून स्वतःच जराशा थबकल्या.

"मध्ये बसायला मिळतं?"

"बसू देत नाहीत. गिऱ्हाईक नसलं तरी नाही. खुर्ची ठेवली तर दुकान आळशी दिसतं म्हणतात." हे सगळं सुनेनं घरात सांगितलेलं, अक्कांनी एका कानानं ऐकलेलं. पण तिथे, दुखऱ्या टाचेवर डॉक्टरचा अंगठा असताना, त्यांना त्या दुकानाचा असा संताप आला की आवाज चढला. "माणूस आहे की खांब? आणि घरी आल्यावर परत ओट्यापुढे उभं राहायचं."

"घरी कुणी मदत करत नाही?"

अक्कांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आणि सकाळी अकरा फेऱ्या धावते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. धावणं तीन आठवडे बंद. बूट नवे. जिन्याच्या पायरीवर बोटं टेकून टाच हळूच खाली सोडायची, दिवसातून दोनदा. पुन्हा धावायला लागाल तेव्हा एक फेरी धावायची, दोन चालायची.

"हे मला आधीपासून ठाऊक होतं," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक कागद लिहिला, तो अक्कांच्या हातात दिला नाही. अक्कांना वाटलं औषधाच्या खिडकीचा असेल. तो दुकानाच्या मालकाला होता. योजनेचा दवाखाना आहे, कामामुळे दुखणं वाढलं असं दिसलं की मालकाला परस्पर चिठ्ठी जाते. हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. अक्कांनी ती पाटी रंग चांगला आहे म्हणून बघितली होती.

शुक्रवारी सून दुपारी चारला घरी आली. पर्स न अडकवता, चपला न काढता खुर्चीत बसली. अक्कांनी चपलांकडे बघितलं, पण बोलल्या नाहीत.

"दुकानात दवाखान्याची चिठ्ठी आली," सून म्हणाली. "माझ्या नावाची. मी म्हणे त्यांना सांगितलं की दहा तास बसू देत नाहीत. आणि रोज सकाळी अकरा फेऱ्या धावते. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, धावायला टाच आहे, उभं राहायला नाही. सोमवारी येताना लिहून आण की खोटं सांगितलं म्हणून, नाहीतर येऊच नकोस."

सून पुढे म्हणाली, "आई, मी दवाखान्यात गेलेच नाही. मला बसू देत नाहीत हे खरं आहे. टाच दुखते तेही खरं आहे. आणि माझं खरं असून मी खोटं सांगितलं असं लिहून द्यायचं." मग ती म्हणाली, "अकरा फेऱ्या कोण मारतं, आई?"

अक्कांनी मीटरवाल्यांकडे बघितलं. अडचणीच्या वेळी नवऱ्याकडे बघायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मीटरवाले गोंधळले आणि त्यांनी दिसला तो आकडा सांगितला. "पलंगापासून मोरीपर्यंत तेरा पावलं. त्यातली अकरा भिंतीला धरून. महिना झाला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मोजली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

चूक हा शब्द अक्कांच्या घशापर्यंत आला. तिथे त्याला वाट सापडेना, कारण त्या वाटेनं पूर्वी कुणी गेलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर आवर. दवाखान्यात जायचंय. शनिवारी एकपर्यंतच असतो."

शनिवारी त्या दोघी पावणेअकराला रांगेत उभ्या राहिल्या. दोघीही एका पायावरून दुसऱ्या पायावर. आत गेल्यावर अक्कांनी डॉक्टरीणबाईंना उभ्याउभ्या सांगितलं, "परवाची टाच माझी होती, नाव हिचं होतं. काम हिचं होतं, धावणं माझं होतं. आता हिची बघा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. सुनेची टाच दाबली, मग दुसरी दाबली. सून खुर्चीतून उठली नाही. नुसते डोळे मिटले. तेवढ्यानं अक्कांना कळलं की ही दुखणं गिळायला शिकलेली आहे.

"दोन्ही टाचा. हे यांच्यापेक्षा वाईट आहे. किती दिवस?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं? घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं," सून म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

बोलली असती तर अक्का भांडल्या असत्या. न बोलणाऱ्याशी कसं भांडायचं? त्या भिंतीवरचं पायाच्या हाडांचं चित्र बघत राहिल्या. सव्वीस हाडं होती त्यात, आणि त्यांना वाटलं की सगळी आपल्याकडेच बघतायत.

नवी चिठ्ठी मिळाली, खऱ्या टाचेची, खऱ्या नावाची. पण पहिल्या खिडकीवरच्या कारकुनानं ती बाजूला ठेवली. "आधीचा केस पेपर रद्द झाल्याशिवाय ही पुढे जात नाही. चुकीचं नाव लागल्याचा अर्ज करा. तीन प्रती. स्वतःच्या हातानं."

घड्याळात साडेबारा झाले होते. आज कागद गेला नाही तर सोमवारी सुनेची नोकरी गेली.

"हिचं अक्षर चांगलं आहे, ही लिहील," अक्का म्हणाल्या.

"ज्याची चूक त्याचं अक्षर."

अक्कांनी छापील अर्जाचा कागद ओढला. तिसरीनंतर त्यांनी सहीपलीकडे फार काही लिहिलं नव्हतं. एकेक अक्षर विहिरीतून पाणी ओढावं तसं वर काढत त्यांनी लिहिलं: केस पेपरवर नाव चुकीचं लागलं.

"आता कुणाच्या चुकीनं ते," कारकून म्हणाला.

"लागलं म्हटलं की झालं. आपोआप लागतं."

"आपोआपला इथे जागा नाही."

"लिहिलं तर तुम्हीच होतं."

"तुम्ही सांगितलंत ते लिहिलं."

"मग दोघांची चूक झाली असं घालू का?"

"बाई, रकाना एकाचाच आहे. पंचवीस मिनिटं राहिलीत."

अक्कांनी मागे बघितलं. सून समोरच्या भिंतीवरची, हात कसे धुवावेत, ही पाटी मन लावून वाचत होती. पाच चित्रांची पाटी. तिला एवढा वेळ लागत नाही. ती मुद्दाम बघत नाहीये, हे अक्कांना कळलं, आणि त्यांनी पेन कागदावर टेकवून लिहून टाकलं: माझी चूक झाली.

कागद फाटला नाही. छत कोसळलं नाही. त्यांनी अक्षरांकडे जरा वेळ बघितलं. मग दुसरी प्रत लिहिली, ती पहिल्यापेक्षा सोपी गेली. तिसरी लिहून त्या थांबल्या आणि तिच्याखाली, कुणी न सांगता, आणखी एक ओळ लिहायला लागल्या.

"हे काय?" कारकुनानं मान तिरकी केली.

"सुनेची टाच खरी दुखते. दोन वर्षं."

"त्याला रकाना नाही."

"समासात लिहिते. पहिल्या दोन प्रतीही इकडे द्या, त्यांतही टाकते."

त्यानं दिल्या. मग शिक्का उचलला आणि परत ठेवला. "अर्जदाराचं शिक्षण?"

"तिसरी."

"चौथीच्या आत असेल तर मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. वाचून दाखवला असा शिक्का आहे."

"मीच लिहिलाय. मला ठाऊक आहे त्यात काय आहे."

"नियम आहे," कारकून म्हणाला, आणि बाहेरच्या गोंगाटात स्वतःला ऐकू यावं म्हणून घसा साफ करून, खणखणीत आवाजात त्यानं वाचलं, "मी, खाली सही करणारी, अवलंबित सासू, लिहून देते की केस पेपरवर नाव चुकीचं लागलं. माझी चूक झाली. सुनेची टाच खरी दुखते. दोन वर्षं. हे मान्य आहे?"

बाकांवरची पन्नाससाठ माणसं गप्प झाली होती. चारचौघांत सांगेन असं अक्का म्हणाल्या होत्या, ते चारच्या पुष्कळ वर गेलं होतं.

"मान्य आहे," अक्का म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं तसं काही झालं नाही. छातीवर सव्वा वर्ष ठेवलेलं जड भांडं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं, एवढंच. बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघ, तिची सासू लिहून देते," आणि अक्कांना तेसुद्धा वाईट वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

शिक्के पडले. कारकुनानं घड्याळ बघितलं. टपाल सोमवारी निघणार, बुधवारी पोचणार. त्यानं अक्कांकडे बघितलं, मग स्वतःच फोन ओढला आणि दुकानाचा नंबर फिरवला. "योजनेच्या दवाखान्यातून बोलतोय. तुमच्या काउंटरवरच्या बाई सोमवारी कामावर येतायत. हो, चिठ्ठी बरोबर आहे, नवी निघाली. खुर्ची लागेल. पाठीची. नाही, लिहून काही द्यायचं नाही, आमच्याकडे लिहून झालंय. आमचे साहेब एखाद दिवशी खुर्ची बघायला येतील." त्यानं फोन ठेवला आणि खिडकी लावून घेतली. एक वाजला होता.

बाहेर ऊन होतं. दोघी बस थांब्याकडे निघाल्या. अर्धी वाट झाल्यावर सून म्हणाली, "आई, हे आईला कळवायला लागेल का?"

"कुणाच्या आईला?"

"माझ्या."

"मी कळवीन. तुला नीट सांगता येणार नाही, तू काहीतरी गाळशील." थोडं पुढे जाऊन त्या म्हणाल्या, "आणि उद्यापासून संध्याकाळचं मी बघते. तू बसायचंस. मी खुर्चीत बसून करीन सगळं, उभ्यानं करायला काय मला वेड लागलंय."

सून हसली. दोन वर्षांत ती अक्कांसमोर इतकी मोकळी हसली नव्हती, आणि हसता हसता तिचं पाऊल वाकडं पडून तिनं अक्कांचा खांदा धरला. अक्कांनी तो हात तसाच राहू दिला.

बस थांब्यावर लोखंडी बाक होता. त्यावर एक धडधाकट गृहस्थ पाय पसरून, शेजारी पिशवी ठेवून बसले होते. सून नेहमीच्या सवयीनं खांबाला टेकून उभी राहिली. अक्का तिच्याजवळ उभ्या राहिल्या नाहीत. त्या सरळ त्या गृहस्थांपुढे जाऊन थांबल्या.

"उठा," त्या म्हणाल्या. "पिशवीही उचला. आमच्या टाचा दुखतायत."